मॅमथ केव्हमधली आंधळी कोळंबी त्या एकाच गुहेत सापडते का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या केंटकीमधली आंधळी कोळंबी (पॅलेमोनियास गँटेरी) जर मॅमथ केव्हचीच, तर नकाशावर तिचे ठिपके आसपासच्या झऱ्यांवर कसे?

मॅमथ केव्हचा परिसर सोडला तर ही जात जगात कुठेच नाही, एवढं बरोबर. फक्त परिसर म्हणताना गुहेचं तोंड आणि तिकीटखिडकी डोळ्यांपुढे आणू नका, जमिनीखालचा पाणलोट आणा. सगळा चुनखडीचा मुलूख. ओढा जरा वाहतो आणि खळग्यात गडप होतो, तो पुढे ग्रीन नदीच्या काठी झरा होऊन वर येतो. कुठला खळगा कुठल्या झऱ्याचा, हे वरच्या टेकड्या बघून कळत नाही. भूशास्त्रज्ञ जेम्स क्विनलन यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत खळग्यांत रंग सोडून बघितलं. झऱ्यात कोळशाची पुरचुंडी टांगून ठेवायची, काही दिवसांनी काढून रंग उतरलाय का ते तपासायचं. असं शेकडो वेळा केल्यावर पाणलोटांचा नकाशा तयार झाला. कोळंबी यांतल्या एकाहून जास्त पाणलोटांत मिळते, आणि पाणलोट ओळखला जातो झऱ्याच्या नावाने. म्हणून ठिपका झऱ्यावर.

आता उलट बाजू. गुहेचे मोजलेले रस्ते सहाशे किलोमीटरच्या वर, पण त्यातला बहुतेक भाग कोरडा. कोळंबी असते ती अगदी तळमजल्यावर, जिथे पाणी नदीच्या पातळीला येऊन संथ होतं: एको रिव्हर, रोअरिंग रिव्हर या गुहेतल्या नद्यांत. पुराचं पाणी आणून टाकेल तो गाळ चाळून त्यातले सूक्ष्मजीव खायचे, हा तिचा उदरनिर्वाह. अंग काचेसारखं, लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, डोळ्यांच्या जागी नुसते देठ. पाण्यातली तिची सावली आधी दिसते आणि मग ती, असं एका रेंजरने मला सांगितलं होतं. मी लुइव्हिलला राहतो, चार-पाच वेळा जाऊन आलोय. मला अजून सावलीही दिसलेली नाही.

तळमजल्यावर राहण्याचा तोटा असा, की नदीचं काही बिघडलं की पहिला फटका हिलाच. ब्राउन्सव्हिल गावाजवळ ग्रीन नदीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धरण बांधलं, त्याची फुग गुहेतल्या नद्यांपर्यंत गेली, पाणी तुंबलं, गाळ साचला. १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही जात संपली असंच धरून चालले होते, मग ती पुन्हा सापडली. १९८३मध्ये ती अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत गेली. धरण मात्र २०१६-१७पर्यंत उभंच होतं. आजही पूर आला की नदी उलटी झऱ्यातून गुहेत शिरते. त्यामुळे झऱ्याच्या तोंडाशी उभं राहून ‘इथलं पाणी आतून बाहेर येतं’ असं ठामपणे म्हणायची सोय नाही.

या वंशातली दुसरी जात दक्षिणेला अलाबामात, हंट्सव्हिलच्या आसपासच्या मोजक्या गुहांत. वंशात एवढ्या दोनच.

माणूस जिथून भूजलात डोकावू शकतो तिथेच ठिपका पडतो, हे लक्षात ठेवून हे नकाशे वाचा. म्हणजे गुहा, झरा किंवा विहीर. हो, विहीरसुद्धा. १९७९मध्ये संकोळ्ळी आणि शेणॉय या संशोधकांनी भूजलातल्या एका नव्या कोळंबीचं वर्णन केलं, ट्रॉग्लिंडिकस फ्रीॲटिकस. ती सापडली आपल्या रत्नागिरीला. तिथे चुनखडी नाही, मॅमथसारखी गुहा नाही, आहे तो जांभा, पोकळ्यांनी भरलेला. ‘फ्रीॲटिकस’च्या मुळाशी ग्रीकमधला विहिरीचाच शब्द आहे. माझं आजोळ त्याच बाजूचं. लहानपणी मे महिन्यात विहीर उपसायचे तेव्हा आम्ही पोरं तळाच्या चिखलात बेडूक शोधत असू. चिऱ्यांच्या फटींकडे कोणी बघितलं नाही, आणि आता त्या विहिरीवर स्लॅब टाकून मोटर बसवली आहे.