नाचणीच्या आंबिलीत गुठळ्या का होतात?

प्रश्न : सासूबाईंनी गावाहून शेणखतावरची नाचणी पाठवली आहे. पण आंबिलीत गुठळ्या होतात, ताकही फाटतं. काय चुकतंय?

उत्तर : ताई, पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकत असाल. तसं केलं की ते वरून शिजतं, आत कोरडंच राहतं. दोन चमचे पीठ आधी वाटीभर गार पाण्यात बोटांनी मोडून घ्या. मग दोन वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता, ढवळत राहा. रंग गडद होऊन चकाकी आली की शिजली. ताक मात्र आंबील कोमट झाल्यावरच घाला. ठेचलेला लसूण हवाच! माझी आई नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून दळायची. काय वास सुटायचा! मोडाच्या पिठाची आंबील पातळ होते, तेव्हा पीठ चमचाभर जास्त घ्या.