घड्याळ काढण्याआधी

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

कंपनी तुला सिक्स सिग्माच्या ग्रीन बेल्ट ट्रेनिंगला पाठवतेय, हे वाचून फार बरं वाटलं. आधी काय वाचून जाऊ, असं विचारलंयस. वर्गात जे शिकवतात त्याची काळजी करू नकोस. सिक्स सिग्मा, म्हणजे कामातल्या चुका कमी करायची पद्धत, मोटोरोलात 1986 मध्ये सुरू झालं, दहा लाख संधींमागे 3.4 चुका हे त्याचं माप, त्याच्या पाच पायऱ्या, हे सगळं तुला दोन दिवसांत पाठ होईल. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. मला लिहायचंय ते शॉपफ्लोअरबद्दल.

टोयोटाच्या ताइची ओनोंनी कामातल्या वायफळाचे, म्हणजे जपानीत ‘मुदा’चे, सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघणं, मालाची ने-आण, नको ती प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, माणसाची उगाच धावपळ आणि खराब पीस. त्यात जास्तीचं उत्पादन सगळ्यात वाईट, कारण ते बाकीच्या सहांवर पांघरूण घालतं. भरलेले बिन रांगेने दिसले की सुपरवायझर खूश. पण प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला दोन तास जातात म्हणून पंधरा दिवसांचा माल एकदम काढून ठेवलाय, हे त्या बिनांवर लिहिलेलं नसतं. त्यात भोक सरकलेलं असलं, तर ते कळतं पंधरा दिवसांनी, वेल्डिंगला माल गेल्यावर.

मी भोसरीत प्रेस शॉपला होतो तेव्हा आमच्याकडे हेच चालायचं. एका सकाळी 250 टनी प्रेसवर डाय बदलणार होते, तर मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथेच उभा राहिलो. डाय बसवणाऱ्या आमच्या सेटरना सगळे मामा म्हणायचे. शेवटचा पीस पडला, प्रेस थांबला आणि मामा निघून गेले. बऱ्याच वेळाने आले ते दोन टी-बोल्ट घेऊन. त्यातला एक आखूड निघाला, म्हणून परत गेले. मग पॅकिंगची, म्हणजे डायखाली घालायच्या पट्ट्यांची, शोधाशोध, कारण प्रत्येक डायची उंची वेगळी. मग क्रेन दुसऱ्या टोकाला अडकलेली. पहिला पीस क्वालिटीकडून पास होऊन आला तेव्हा 1 तास 50 मिनिटं झाली होती. त्यात मामांचा हात प्रत्यक्ष डायला लागला तो वेळ मी वेगळा लिहिला होता. 40 मिनिटंही भरला नाही.

पुढे वाचनात आलं की जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंनी 1950 मध्ये हिरोशिमाला, माझदाच्या कारखान्यात, अगदी हेच पाहिलं होतं. मोठ्या प्रेसचा एक बोल्ट सापडेना आणि कामगार तासभर गायब! मशीन बंद ठेवूनच करावं लागतं ते काम वेगळं आणि मशीन चालू असताना उरकून ठेवता येतं ते वेगळं, ही फोड त्यांनी तिथेच केली. तेवढ्या एका विचारावर पुढे टोयोटात 1000 टनी प्रेसची चार तासांची सेटिंग तीन मिनिटांवर आली.

आमच्याकडे उपाय मामांनीच सांगितला. “साहेब, सगळ्या डायखाली पट्ट्या वेल्ड करून उंची एक करा, मला पॅकिंगच नको.” टूलरूमला त्यांनी हे आधी दोनदा सांगितलं होतं. आम्ही ते केलं, बोल्ट-क्लॅम्प-पान्यांची एक ट्रॉली बनवली, ती आदल्या तासातच प्रेसजवळ आणून ठेवायची असं ठरवलं. तीन महिन्यांत 35 मिनिटं. मला शाबासकी मिळाली.

आणि महिनाअखेरीला दोन हेल्पर कमी केले. वेळ वाचलाय ना, मग माणसं कशाला, असा वरून हिशेब झाला. दोघंही कंत्राटी होते, त्यामुळे कोणाला काही विचारावंही लागलं नाही. पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनपाशी उभा राहिलो, तर काम मंदावलं आणि तोंडं बंद झाली. मामासुद्धा “बघा तुम्हीच” म्हणून बाजूला झाले. त्यांचं काय चुकलं? त्यांनी दिलेल्या युक्तीने त्यांच्याच हाताखालची पोरं घरी गेली होती. वेळ वाचून मोकळ्या होणाऱ्या माणसांना कुठे घेणार, हे मी कामाला हात घालण्याआधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि ते मला आजही लागतं.

म्हणून तुझ्या प्रोजेक्टच्या कागदावर सह्या होण्याआधी साहेबांना हा प्रश्न विचार, आणि उत्तर मेलवर घे. ते हाती येईपर्यंत स्टॉपवॉच काढूच नकोस. काढशील तेव्हा ऑपरेटरला आधी सांग, घड्याळ त्याला दिसेल असं धर, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखव. तो दुरुस्त्या सांगेल, त्या लिहून घे.

प्रोजेक्ट एकाच मशीनचा निवड. अख्ख्या प्लांटचं रिजेक्शन अर्ध्यावर आणते, असं भरीला पडून कबूल करू नकोस. ओनो जमिनीवर खडूने गोल काढून इंजिनिअरला त्यात तासन् तास उभं करायचे. तू गोल काढू नकोस, पण एक अख्खी शिफ्ट उभी राहा, आणि जमलं तर एक रात्रपाळीही. दिवसा मिळणारा फोर्कलिफ्ट रात्री कुठे असतो, ते तेव्हाच कळतं.

पहिल्या शिफ्टच्या नोंदी मला पाठव. एक्सेल नको, वहीच्या पानांचे फोटो चालतील.

तुझा,
काका