सकाळी जिम, रात्री क्वार्टर: चाळिशीनंतर दोन्ही चालेल का?

सावंतवाडीपासून कणकवलीपर्यंतचे चाळिशी-पन्नाशीतले पुरुष माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा गेल्या काही वर्षांत एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, मी रोज जिमला जातो, वजनं मारतो. आठवड्यातून दोन-तीनदा घेतो, तेवढं चालतं ना?" विचारणारा सहसा आपणहून आलेला नसतो. बायकोने आणलेला असतो, नाहीतर डॉक्टरांनी पाठवलेला. त्याला उत्तर फारसं नको असतं, माझा सही-शिक्का हवा असतो.

अशाच एका गृहस्थांबरोबर झालेलं काम इथे सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. घरी त्यांना सगळे भाई म्हणतात, मीही तेच म्हणते.

भाई ४८ वर्षांचे. कुडाळच्या बाजारात दुकान, गावाकडे आंबा-काजूची बाग. वडील पन्नाशीतच पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आणि पुढची कित्येक वर्षं तसेच काढली, हे भाईंनी जवळून पाहिलेलं. म्हणून पंचेचाळिशी गाठताच त्यांनी जिम धरली, आणि अगदी मन लावून धरली. संध्याकाळी मात्र मांगरावर, म्हणजे बागेतल्या खोपीत, मित्रांची बैठक. काजूच्या हंगामात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, एरवी गोव्याहून आलेली व्हिस्की.

"मी दारुडो नाय, मॅडम," पहिल्याच भेटीत ते म्हणाले. "माका चढतच नाय."

वहिनी शेजारी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बीपीची गोळी चालू झाली, तरी मांगरावरची बैठक काही सुटत नाही."

रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले होते. ते वजनांमुळे वाढतात असं भाईंनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. जोरदार वेट ट्रेनिंगनंतर हे आकडे आठवडाभर चढे राहू शकतात. पण त्यांची जीजीटी ही यकृताचीच आणखी एक तपासणीही वाढलेली होती, आणि वजनं उचलल्याने जीजीटी वाढत नाही. हे डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. भाईंनी त्यातलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं.

मी हिशेब काढायला बसवलं. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची. म्हणजे पोटात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीला ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेण्याला अतिसेवनच म्हणते. ग्रॅममागे ७ कॅलरी धरल्या, तर चखणा सोडून सव्वाचारशे कॅलरी. भाईंना कॅलरींचं फार काही वाटलं नाही. ६० ग्रॅमचा आकडा मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतला, कारण "एक क्वार्टर म्हणजे कमीच" हे त्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

भाईंकडे जिमची एक छोटी डायरी होती. सुवाच्य अक्षर, तारीख, व्यायाम, किलो, सेट. मी म्हटलं, याच पानावर आणखी दोन गोष्टी लिहा, आदल्या रात्री काय घेतलं आणि पहाटे जाग कधी आली. काही आठवड्यांनी ते डायरी घेऊन आले आणि न बोलता एक पान माझ्यापुढे सरकवलं. रविवार रात्र: मांगर, क्वार्टर, वर एक बियर. जाग ३.१०, मग झोप नाही. सोमवार: डेडलिफ्ट १०० लाच दम, सेट सोडला. त्याखाली त्यांनी स्वतःच पेनाने आडवी रेघ मारली होती. डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून वजन उचलायचा, त्यांचा आकडा एरवी १२० किलो असायचा.

दारूने लवकर डोळा लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटत राहते. शरीराची डागडुजी व्हायच्या वेळेलाच हा घोटाळा. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी व्यायामानंतर प्रोटीनसोबत दारू देऊन पाहिली, तर स्नायूंची नवी बांधणी नुसत्या प्रोटीनच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी भरली. प्रयोगात दारूचं प्रमाण मोठं होतं, हेही सांगायला हवं. पण आपल्याकडच्या मांगरावरही ते लहान नसतं. त्यात तिशीनंतर स्नायू आपोआप घटायला लागलेले असतात, त्यामुळे पंचविशीत जे खपून जायचं ते पन्नाशीत खपत नाही.

एवढं सगळं कळूनही पिणं कमी झालं नाही. माहितीने सवय सुटत असती तर माझ्याकडे कुणी आलंच नसतं.

मी विचारलं, "भाई, ज्या दिवशी जिम चुकते, त्या दिवशी पिणंही चुकतं का?"

ते हसले. "उलट त्या दिवशी लवकर बसतो."

म्हणजे जिमची कमाई दारूवर खर्च करायचा जो जमाखर्च ते मांडत होते, तो एकाच बाजूने चालत होता. हा प्रश्न मी पुष्कळांना विचारलाय आणि तो सहसा वाया जात नाही. पण भाईंच्या बाबतीत दार उघडलं ते त्याच्या पुढच्या प्रश्नाने.

"तुम्हाला चढत नाही, याचा अर्थ तुम्ही काय लावता?"

"ताकद हा माझ्यात."

"सुरुवातीला ६० किलो जड जायचं, आता हलकं वाटतं. ते स्नायू वाढले म्हणून. पण पूर्वी एका पेगला जे व्हायचं त्याला आता क्वार्टर लागते, तेव्हा तुमचं काय वाढलेलं असतं?"

भाई बराच वेळ गप्प राहिले. शेवटी जे बोलले ते त्यांनी बहुधा वहिनींनाही सांगितलेलं नव्हतं. "मांगरार बसलंय काय सगळे म्हणतत, भाईक काय होणा नाय. माझ्या बापाशीक सगळे बिचारो म्हणायचे, मॅडम. मी नको म्हटलंय तर म्हणतीत, झालो बापाशीसारखो."

इथे मला त्यांचं सगळं वागणं एका धाग्यात दिसलं. सकाळचं १२० किलो आणि रात्रीची क्वार्टर, दोन्ही एकाच भीतीला दिलेली उत्तरं होती: माझं शरीर वडिलांसारखं कोसळणार. सकाळी ते स्वतःला पटवत होते की मी धडधाकट आहे, रात्री मित्रांना. आम्ही इतके दिवस दारू आणि व्यायाम यांचा तोल शोधत होतो, आणि त्या भीतीला कुणी हातच लावला नव्हता.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करते. १९५५ पासून ते सांगत आले की प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीची आपली ठाम समजूत आपल्याला वागायला लावते. मित्राचा आग्रह हा प्रसंग. "मी कधीच कमी दिसता कामा नये" ही समजूत. आग्रह थांबवणं भाईंच्या हातात नव्हतं, समजूत तपासणं होतं.

"चार जण म्हणाले, भाई म्हातारा झाला. मग काय होईल?"

"वाईट वाटात."

"ते सोसवेल?"

ते थोडं थांबले. "वाईट वाटात. पण मी काय मरूचंय नाय."

त्या वाक्यावर आम्ही पुढचं सगळं उभं केलं. बैठक सोडायला मी सांगितलं नाही. पन्नाशीत माणसाला मित्र लागतात, आणि बैठकीपासून पळाल्याने ती भीती तशीच राहते. मांगरावर जायचं, हातात सोलकढी घ्यायची, कारण सांगत बसायचं नाही. डॉक्टरांचं नाव पुढे करायचं नाही, उपवासही सांगायचा नाही. पहिल्या संध्याकाळी एकाने टोमणा मारलाच. भाई सांगत होते, कान गरम झाले, उठून जावंसं वाटलं, पण बसून राहिलो. अर्ध्या तासात विषय काजूच्या दरावर गेला आणि त्यांचा पेला कुणाच्या लक्षातही राहिला नाही. हे सांगतानाचा त्यांचा चेहरा मला आजही समाधान देतो.

पुढे काही महिने त्यांनी एक थेंब घेतला नाही. शिमग्याला मात्र घेतली, आणि "सगळा फुकट गेला" म्हणत मान खाली घालून आले. मला त्या क्वार्टरपेक्षा या वाक्याची जास्त काळजी वाटली. एक घसरण झाली की माणूस "आता काय उरलं" म्हणून पुढच्या चार स्वतःहून पितो. शिमग्याची ती रात्र आम्ही डायरीत तारखेसह लिहिली, आणि दुसऱ्या दिवशीचा व्यायामही लिहिला. आज भाई बहुतेक बैठकांना सोलकढीवर असतात. त्यांचं बीपी आणि यकृत पाहता डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितलंय, आणि माझंही तेच म्हणणं आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. दारूची पूर्ण सुरक्षित अशी मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तेव्हा "बॅलन्स" म्हणजे फार तर नुकसान कमी करणं, एवढं मनाशी धरा. बीपी, साखर, यकृत यांतलं काही बिघडलं असेल तर तोल शोधूच नका, बंद करा. बाकीच्यांनी निदान जड वजनांच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या रात्री पिऊ नये. पेग अंदाजाने ओतू नका, मिलीत मोजा. अंग दुखतंय म्हणून पेनकिलर घेऊन त्यावर पिऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि श्वास कोंडून जड वजन उचलताना रक्तदाब एकदम वर जातो, म्हणून चाळिशीनंतर बीपी मोजल्याशिवाय डेडलिफ्टला हात लावू नका.

घरोघरच्या वहिनींनाही एक सांगते. बाटल्या लपवू नका आणि रात्री वाद घालू नका. जे बोलायचं ते सकाळी, जिमहून आल्यावर, चहा देताना बोला. तेव्हा तो माणूस ऐकायच्या स्थितीत असतो.

आणि रोज पिणाऱ्यांपैकी ज्यांचे हात सकाळी थरथरतात, ज्यांना घोटभर घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, त्यांनी हे वाचून आजच्या आज एकट्याने दारू तोडू नये. अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषधांच्या आधाराने ती काही दिवसांत सुखरूप सुटते. कुणाकडे जायचं हे कळत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.