पुढचं व्हील बेअरिंग घरी बदलतोयस? आधी हे वाच

भावा, आधी नक्की कुठल्या बाजूचं गेलंय ते बघ. स्पीडला घुंघुं येतोय आणि उजवीकडे वळताना वाढतोय तर बहुतेक डावं, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. पण टायर वेडेवाकडे झिजले असतील तरी सेम आवाज येतो, म्हणून पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून बघ, पैसे लागत नाहीत.

अॅक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला कर, जॅकवर चढवून लांब पाईप लावून जोर काढत बसू नको, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तर अजिबात नाही, स्टँड लावच.

आता खरी गोम. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या हॅचबॅकना बेअरिंग नकलमध्ये (स्टिअरिंग नकल, म्हणजे चाकामागचा तो लोखंडी भाग ज्यात बेअरिंग बसतं) प्रेसने बसवलेलं असतं, सर्क्लिपसकट (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची रिंग). हातोड्याने ठोकून बसतं पण टिकत नाही. त्यापेक्षा नकल सोडून लेथवाल्याकडे ने, प्रेसवर पटकन होतं, फक्त समोर उभा राहा: नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रेसवर (बेअरिंगची बाहेरची कडी) आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) घालताना आतल्या रेसला मागून आधार, नाहीतर नवीन बेअरिंग तिथंच मेलं. एबीएसवाल्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) गाडीत चुंबकीय सीलची बाजू सेन्सरकडेच हवी.

नट नवीनच टाक, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे दे, कोणाला तरी ब्रेक दाबायला बसव, आणि नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचं वजन त्या चाकावर टाकू नको. स्ट्रटचे (पुढचा शॉक अॅब्सॉर्बर) बोल्ट खोललेस तर अलाइनमेंटपण करून घे.