मोसमाच्या मध्यावर स्टार पिचर ट्रेड करून आणला तर डिव्हिजनची शर्यत खरंच फिरते का? तो तर पाच दिवसांतून एकदाच खेळतो!

एका ट्रेडची बातमी वाचून तुम्हाला पडलेली शंका अशी की बेसबॉलमधला स्टार्टिंग पिचर (सामन्याची सुरुवात करणारा चेंडूफेक्या, आपला गोलंदाजच म्हणा) दर पाचव्या दिवशी मैदानात उतरतो आणि मधले चार दिवस डगआउटमध्ये बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतो. मग जुलैच्या शेवटी त्याच्यासाठी संघ आपली होतकरू पोरं का देऊन टाकतात, आणि अशा एका माणसाने डिव्हिजनची, म्हणजे लीगमधल्या गटाची, १६२ सामन्यांची शर्यत फिरेल कशी?

मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. इथे येईपर्यंत क्रिकेटशिवाय दुसरा खेळ धड पाहिलेला नव्हता, त्यामुळे मलाही नेमकं हेच पडलं होतं. आपला हुकमी गोलंदाज दुखापत नसेल तर प्रत्येक सामन्यात असतो. इथे आज ज्याने समोरच्या संघाची दाणादाण उडवली, तो उद्या, परवा, तेरवा कुठे दिसतच नाही. शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, उन्हाळाभर गॅरेजचं दार उघडं टाकून रेडिओवर टायगर्सची, म्हणजे डेट्रॉइटच्या संघाची, मॅच ऐकत बसतात. पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरायला मला त्यांनीच शिकवलं. स्ट्राइकआउटला 'के', आणि फलंदाज बॅट न हलवता नुसता बघत बाद झाला तर उलटा 'के'. पुढचं बरंचसं त्यांच्या गॅरेजमधलं शिक्षण आहे, थोडं माझं वाचन.

आधी हिशेब, आकडे गोल धरून. जुलैअखेर आलेल्या पिचरच्या वाट्याला उरलेल्या दोन महिन्यांत अकरा-बारा पाळ्या (म्हणजे सुरू करायचे सामने) येतात. पाळीमागे सहा इनिंग धरल्या तर झाल्या ७२. ज्याच्या जागी तो आला तो बिचारा नऊ इनिंगमागे ५ धावा देत होता (ईआरए म्हणतात तो हाच आकडा) आणि हा देतो अडीच. ७२ इनिंग म्हणजे आठ पूर्ण सामने, आठ गुणिले अडीच, वीस धावा वाचल्या. बेसबॉलमधले आकडेवाले साधारण दहा धावांना एक विजय धरतात. म्हणजे दोन विजय. एवढा गाजावाजा, विमानतळावर कॅमेरे, आणि पदरात पडले दोन विजय.

तुमची शंका बरोबरच आहे, असं इथवर वाटेल. पण या हिशेबात दोन गोष्टी येत नाहीत. पहिली, तगडा पिचर आठ-नऊ इनिंग एकट्याने ओढतो तेव्हा बुलपेनमधल्या, म्हणजे मागून येणाऱ्या पिचर मंडळींना सुट्टी मिळते, आणि त्याचा फायदा दुसऱ्या दिवशी भलत्याच पिचरच्या मॅचमध्ये दिसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ते दोन विजय कोणाविरुद्ध मिळाले? तिसऱ्याच कुठल्या संघाला हरवलं तर तुमचा एक विजय वाढतो, इतकंच; अंतर अर्ध्या सामन्याने तुटतं. पण तुमच्या पुढे असलेल्या संघालाच हरवलं तर तुमचा एक विजय वाढतो आणि त्याच वेळी त्याचा एक पराभव वाढतो. त्या एका मॅचने पूर्ण एका सामन्याचं अंतर तुटतं.

१९८७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल.

अमेरिकन लीगच्या ईस्ट डिव्हिजनमध्ये तेव्हा डेट्रॉइट टायगर्स आणि टोरंटो ब्लू जेज यांची झुंज चालू होती. वाइल्ड कार्ड, म्हणजे डिव्हिजन न जिंकताही पुढे जायची सोय, हा प्रकार तेव्हा नव्हता. डिव्हिजन जिंकली तर पुढे, नाही तर ऑक्टोबरात घरी. १२ ऑगस्टला डेट्रॉइटने अटलांटा ब्रेव्ह्जकडून डॉयल अलेक्झांडर नावाचा पिचर घेतला. (ट्रेडसाठी ३१ जुलैची मुदत तेव्हा होती, पण वेव्हर्सच्या वाटेने, म्हणजे आधी इतर संघांना त्या खेळाडूवर हक्क सांगायची संधी देऊन, ऑगस्टमध्येही सौदे होत. २०१९ पासून ती वाट बंद झाली.) खरं सांगायचं तर हा गडी तेव्हा 'स्टार' वगैरे नव्हता. वय ३६, चेंडूला वेग असा नाही, सगळी भिस्त डोक्यावर आणि हातचलाखीवर. अटलांटात त्या वर्षी ५ जिंकून १० हरला होता (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एकेका पिचरच्या नावावर मांडतात). आणि गंमत बघा, १९८५ मध्ये टोरंटोने डिव्हिजन जिंकली तो शेवटचा निर्णायक सामना याच अलेक्झांडरने टाकला होता. पुढच्याच वर्षी टोरंटोने त्याला अटलांटाला देऊन टाकलं.

डेट्रॉइटमध्ये त्याने ११ सामने सुरू केले. ९ जिंकले, एकही हरला नाही, ईआरए १.५३. उरलेल्या दोन सामन्यांचा निकाल त्याच्या नावावर लागला नाही, पण तेही टायगर्सनेच जिंकले. अकरापैकी अकरा.

तरीही २६ सप्टेंबरच्या रात्री डेट्रॉइटचा खेळ आटोपल्यातच जमा होता. टोरंटोतल्या चार सामन्यांच्या मालिकेत ब्लू जेजनी पहिले तिन्ही जिंकले होते. त्यांचे झाले होते ९६ विजय, हातात सात सामने, आणि आघाडी साडेतीन सामन्यांची. २७ तारखेला अलेक्झांडरची पाळी आली. नवव्या इनिंगपर्यंत टोरंटो १-० ने पुढे. तिथे डेट्रॉइटच्या कर्क गिब्सनने टोरंटोच्या टॉम हेन्केला होमरन (आपला षटकारच समजा) मारून बरोबरी साधली. अलेक्झांडर अकराव्या इनिंगमध्येही माउंडवर उभा होता. ३७ वर्षांचा झाला होता तोवर, सप्टेंबरमध्येच वाढदिवस होता त्याचा. शेवटी तेराव्या इनिंगमध्ये पुन्हा गिब्सनच्याच फटक्यावर टायगर्सनी सामना ३-२ असा काढला. हा निकाल अलेक्झांडरच्या खात्यात नाही. पण त्या दिवशी डेट्रॉइट हरतं तर सहा सामने असताना आघाडी साडेचारची झाली असती, आणि आमच्या शेजारच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे लोकांनी रेडिओ बंद करून अंगणातली पानं गोळा करायला घेतली असती.

मग टोरंटो मिलवॉकीकडून तिन्ही सामने हरलं. डेट्रॉइटने बाल्टिमोरबरोबर दोन जिंकले, दोन घालवले. शेवटचे तीन सामने डेट्रॉइटमध्ये, याच दोघांचे, आणि टोरंटो फक्त एका सामन्याने पुढे.

२ ऑक्टोबरला पहिला सामना. पिचर कोण? मोजा: २७ तारखेपासून पाचवा दिवस. पुन्हा अलेक्झांडर. टोरंटोच्या मॅनी लीने सुरुवातीलाच तीन धावांचा होमरन मारला, पण चौथी धाव काही त्यांना मिळाली नाही. डेट्रॉइट ४-३ ने जिंकलं, तक्त्यात बरोबरी झाली. तिसऱ्या तारखेला बारा इनिंगपर्यंत चाललेला सामनाही डेट्रॉइटचाच, ३-२. चौथ्या तारखेला फ्रँक टॅनानाने टोरंटोला एकही धाव दिली नाही आणि लॅरी हर्नडनच्या एकुलत्या एका होमरनवर १-०. त्या दोन आठवड्यांत हे दोघे सात वेळा भिडले आणि सातही सामने एकेका धावेने सुटले.

शेवटचा तक्ता: डेट्रॉइट ९८ विजय, टोरंटो ९६.

आता अलेक्झांडरने टोरंटोविरुद्ध टाकलेले ते दोन सामने, २७ सप्टेंबर आणि २ ऑक्टोबर, उलटे लावून बघा. डेट्रॉइट ९६, टोरंटो ९८. तक्ता जसाच्या तसा उलटा! वरच्या हिशेबातलेच दोन विजय, पण पडले नेमके जिथे पडायला हवे तिथे.

सगळं श्रेय त्याचंच असंही मी म्हणणार नाही. टोरंटोचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) टोनी फर्नांडिस सप्टेंबरातल्या टोरंटोच्या मालिकेत दुसऱ्या बेसजवळ झालेल्या टकरीत कोपर मोडून बसला, यष्टिरक्षकाच्या जागी उभा राहणारा त्यांचा कॅचर एर्नी व्हिट बरगड्या मोडून बाहेर गेला. ३ तारखेचा तो बारा इनिंगचा सामना फर्नांडिसच्या जागी खेळणाऱ्या मॅनी लीच्या पायांमधून निसटलेल्या चेंडूवर संपला. बिचारा आदल्या दिवशी होमरन मारणारा हाच. शिवाय टोरंटोही स्वस्थ बसलेलं नव्हतं, ३१ ऑगस्टला त्यांनीही बाल्टिमोरकडून माइक फ्लॅनगन हा पिचर उचलला होता. त्याच ३ तारखेच्या सामन्यात फ्लॅनगनने अकरा इनिंग टाकल्या. अकरा! आणि तरी संघ हरला. त्याला कोणी आठवत नाही.

याउलट काही ट्रेड गाजतात फार, पण शर्यतीला त्यांचा धक्काही लागत नाही. १९९८ मध्ये ह्यूस्टनने ३१ जुलैला रँडी जॉन्सनला आणलं. त्याने ११ सामन्यांत १० जिंकले, एक हरला, ईआरए १.२८. अफाट कामगिरी. पण ह्यूस्टनने डिव्हिजन साडेबारा सामन्यांनी जिंकली. जॉन्सनच्या जागी शेजारच्या काकांना उभं केलं असतं तरी बहुधा जिंकली असती. २०१७ मध्ये याच संघाने आमच्या डेट्रॉइटमधून जस्टिन व्हर्लँडरला नेलं, त्याच वेव्हर्सच्या वाटेने, ३१ ऑगस्टच्या रात्री मुदत संपायला काही मिनिटं असताना. तो पाचपैकी पाच जिंकला आणि डिव्हिजन जिंकली तब्बल २१ सामन्यांनी. हे सौदे डिव्हिजनसाठी नसतातच, ते ऑक्टोबरसाठी असतात. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, मधे सुट्ट्या असतात, त्यामुळे चौथा-पाचवा पिचर बाजूला ठेवून हुकमी माणसालाच पुन्हा पुन्हा उतरवता येतं. व्हर्लँडरने त्या वर्षी ह्यूस्टनला वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, नेलं आणि ती त्यांनी जिंकलीही. जॉन्सनला १९९८ मध्ये सॅन डिएगोने पहिल्याच फेरीत दोनदा हरवलं, कारण त्याचा संघ धावाच करेना.

मधला एक प्रकार मला सगळ्यात आवडतो, २००८ मधला सीसी सबाथिया. मिलवॉकीने त्याला ७ जुलैलाच घेतलं, इतर संघ अजून फोनाफोनी करत होते तेव्हा. त्यामुळे त्यांना १७ पाळ्या मिळाल्या. ११ विजय, २ पराभव, ईआरए १.६५, आणि सात सामने पूर्ण एकट्याने टाकलेले. शेवटी शेवटी तर चार दिवसांऐवजी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर त्याला उतरवत होते. पुढच्या करारासाठी मोकळा होणारा खेळाडू असा हात झिजवतो हे क्वचितच दिसतं. तरी डिव्हिजन शिकागो कब्जने साडेसात सामन्यांनी नेली. एवढी मोठी दरी कुठलाच पिचर भरत नाही. पण वाइल्ड कार्डच्या शर्यतीत न्यूयॉर्क मेट्सना मिलवॉकीने बरोबर एका सामन्याने मागे टाकलं, शेवटच्या दिवशी, सबाथियाच्याच हातून. १९८२ नंतर पहिल्यांदा ते प्लेऑफमध्ये पोचले. म्हणजे तोच माणूस, तोच मोसम, एका शर्यतीत निरुपयोगी आणि दुसरीत निर्णायक.

किमतीचंही तुम्ही विचारलं आहे, 'पोरं का देऊन टाकतात' म्हणून. अलेक्झांडरसाठी डेट्रॉइटने एकच पोरगा दिला. वीस वर्षांचा, दुय्यम लीगमध्ये ४ जिंकून १० हरलेला, ईआरए ५.६८. कागदावर बघितलं तर कोणीही देईल. मिशिगनमध्येच लान्सिंगला वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा भक्त. नाव जॉन स्मोल्ट्झ. अटलांटाकडून पुढे त्याने सर्वोत्तम पिचरचं १९९६ चं साय यंग अवॉर्ड घेतलं, सगळ्या कारकिर्दीत मिळून २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले सामने) अशी जोडी जमवली जी दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. इकडे अलेक्झांडर त्या ऑक्टोबरात मिनेसोटाविरुद्ध दोन्ही सामने हरला. (त्या मिनेसोटाचे मोसमात विजय होते अवघे ८५, घरी बसलेल्या टोरंटोपेक्षा ११ कमी.) १९८९ मध्ये ६ जिंकून १८ हरला आणि निवृत्त झाला. टायगर्सना पुढचा प्लेऑफ दिसला तो थेट २००६ मध्ये.

काकांना मी एकदा विचारलं होतं, सौदा परत करायचा झाला तर करणार का? ते स्कोअरकार्डवर पेन्सिल टेकवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, ४ ऑक्टोबरला ते स्टेडियममध्ये होते. एवढंच. हो की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही ज्या बातमीवरून विचारलंत, त्यात आता एवढंच करा: त्या संघाचं उरलेलं वेळापत्रक काढा, नवीन पिचरच्या पहिल्या सामन्यापासून दर पाचव्या दिवशी बोट ठेवत जा, आणि त्यातली किती बोटं पुढच्या संघाविरुद्धच्या मॅचवर पडतात ते मोजा. मधे सुट्टीचे दिवस आले तर बोट एक घर पुढे सरकवायला विसरू नका, मी पहिल्यांदा तिथेच चुकलो होतो.