हल्ली सगळे रिमेक नाहीतर पार्ट टूच का येतात? लेखकांना नवीन काही सुचत नाही का?

सुचतं हो, भरपूर सुचतं. माझा एक मित्र पटकथा लिहितो, दहा-बारा वर्षं अंधेरीत तिघांत खोली करून राहतोय, त्याच्याकडे निदान सहा-सात गोष्टी तयार पडून आहेत. एकदा त्याच्याबरोबर नॅरेशनला, म्हणजे प्रोड्युसरला गोष्ट ऐकवायला, गेलो होतो, मी आपला नुसता सोबतीला. याने वीस मिनिटं जीव तोडून गोष्ट सांगितली, समोरचे प्रोड्युसर साहेब एक डोळा मोबाईलवर ठेवून ऐकत होते, आणि सगळं झाल्यावर पहिला प्रश्न काय तर "रेफरन्स काय याचा? म्हणजे कशासारखा पिक्चर आहे?" हा म्हणाला, कशासारखाच नाहीये. साहेबांचा चेहराच उतरला. खाली टपरीवर आल्यावर मित्र म्हणतो, एखाद्या कोरियन पिक्चरचं नाव ठोकून दिलं असतं तर दुसरी मीटिंग तरी मिळाली असती.

म्हणजे बघा, आधी हिरोच्या डेट्स, मग ओटीटी आणि सॅटेलाईटचं (म्हणजे टीव्हीच्या हक्कांचं) बोलणं, मग ईदला आणायचा का दिवाळीला हे ठरतं आणि या सगळ्यात कधीतरी कुणालातरी आठवतं की अरे, गोष्ट पण लागेल ना. मग दोन महिन्यांत गोष्ट कुठून आणणार, तर साऊथमध्ये चाललेला पिक्चर घ्यायचा, हिरोला तो आयता दाखवता येतो, त्याने किती धंदा केला तेही कागदावर असतं.

पण रिमेक म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही, कारण मग 'अशी ही बनवाबनवी'ला हात लावावा लागेल आणि तेवढा मार खायची माझी तयारी नाही. १९८८ चा आपला हा लाडका पिक्चर मुळात १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय आणि तोसुद्धा १९५५ च्या एका बंगाली पिक्चरवरून आलेला. पण कुणाला कधी तो उसना वाटलाय का? लिहिणारे वसंत सबनीस होते, 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलेला माणूस, त्यांनी पुण्यात भाड्याने खोली मिळवायची मारामार अशी काही घातली त्यात की मूळ कुठलं हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

'दृश्यम'चं तसंच. मल्याळम २०१३ चा, हिंदी निशिकांत कामतने केला २०१५ ला. घरात झालेला खून लपवायला मूळ पिक्चरमधलं कुटुंब पोलिसांना चर्चवाल्यांच्या ध्यानशिबिराला गेलो होतो म्हणून सांगतं, हिंदीत ते २ ऑक्टोबरला पणजीला सत्संगाला जातं आणि पावभाजी खातं. एवढीशी गोष्ट आहे, पण सगळा पिक्चर त्या खोट्या प्रवासावरच तर उभा आहे, ते बसचं तिकीट, ते हॉटेल, ते बिल, हे बघणाऱ्याला आपल्या गावातलं वाटलं नाही तर पोलिसांना काय घंटा पटणार? म्हणून तर २ ऑक्टोबर आला की लोक अजून पावभाजीचे मीम टाकतात.

आता याच्यासमोर 'धडक' ठेवा. 'सैराट'मधलं प्रेम उचललं, अजय-अतुलचं झिंगाट हिंदी शब्द लावून बरोबर नेलं, पण करमाळ्याकडचा ऊस, ती विहीर, ती बोली, पाटलाची पोरगी आणि मासेमाऱ्याचा पोरगा, हे मागेच राहिलं. उदयपूर दिसतं मस्त, राजवाडे-बिजवाडे, पण ज्या जातीमुळे शेवटी ते सगळं होतं ती जात ओठांतल्या ओठांत पुटपुटल्यासारखी येते. 'सैराट'च्या शेवटी आर्ची भावाला चहा करून देते, तेव्हाच आपल्या पोटात गोळा आलेला असतो, कारण त्याआधीचे अडीच तास ती माणसं काय आहेत ते आपण बघितलेलं असतं. तो गोळा 'धडक'मध्ये मला तरी आला नाही. (धंदा मात्र बरा केला त्याने, आणि खरी गोची तिथेच आहे.)

तरी हे फोटोकॉपी प्रकरण आता पूर्वीसारखं खपत नाही. २०२३ चा 'शहजादा' आम्ही घरचे सगळे बघायला गेलो तर माझी काकू शेजारी बसून प्रत्येक सीन आधीच सांगत होती, कारण अल्लू अर्जुनचा मूळ तेलुगू पिक्चर हिंदीत डब होऊन टीव्हीवर कधीच येऊन गेला होता. मध्यंतरापर्यंत पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून तिलाच विचारायला लागला, आता काय होतं म्हणून.

आपण मराठीवाल्यांनी पण फार कॉलर ताठ करू नये. २०१८ ला शिवकाळातला 'फर्जंद' चालला आणि त्यानंतर इतके गड, इतक्या तलवारी आल्या की पोस्टर बघून पिक्चर ओळखणं मुश्किल झालं. महाराजांबद्दल तक्रार नाहीच, त्याच त्या स्लो मोशनबद्दल आहे.

आणि लोकांना नवीन नकोच असतं हे पण मला पटत नाही. राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' घ्या, कोकणातला पाऊस, पडका वाडा, हस्तर नावाचा राक्षस, हिरो म्हणावा असा माणूसच नाही. शूटिंग २०१२ ला सुरू झालं, मध्ये पुन्हा करावं लागलं आणि थिएटरला यायला २०१८ उजाडलं. तेव्हा जेमतेम चालला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली, तेही ओटीटीवर पडून असताना.

त्यानंतर माझ्या त्या मित्राला एका ऑफिसातून फोन आला, 'तुंबाड'सारखं काही आहे का रे तुझ्याकडे. याने ठोकून दिलं, आहे. काहीही नाहीये त्याच्याकडे. आता लिहायला बसलाय.