सही कोणाची चालते? मानसिक आजार, उपचार आणि कायदा : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच गोष्ट फिरून फिरून आली आहे : सही. दाखल करायला कोणाची, नको म्हणायला कोणाची, विमा कंपनीला दाखवायला कोणाची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा (खाली नुसता कलम क्रमांक आहे तिथे तो याच कायद्यातला), पण घराघरांत आणि बऱ्याच दवाखान्यांतही अजून १९८७च्या जुन्या कायद्याचीच समज चालू आहे. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर देत आहोत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. शेजारी जेवणात काहीतरी मिसळतात असं सहा-सात महिने म्हणतोय. दोनदा आईच्या अंगावर धावून गेला. डॉक्टरकडे यायला तयार नाही. एका केंद्राने सांगितलं, 'घरच्यांनी सही करा, आमची गाडी येऊन घेऊन जाईल.' असं करता येतं का?

नाही. घरच्यांची सही लागते, पण नुसत्या त्या सहीवर कोणाला उचलून नेता येत नाही.

भाऊ स्वतः तयार नसेल तर रस्ता कलम ८९चा. त्यात अर्ज करतो तो 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाच्या वतीने उभा राहणारा माणूस. भावाने आधी कोणाला नेमलेलं नसेल, तर नातेवाईक म्हणून तुम्ही किंवा आई ते काम करू शकता. मग दोघांनी त्याला तपासायचं. एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा नोंदणीकृत डॉक्टर चालतो. तपासण्या एकमेकांपासून स्वतंत्र, आणि दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या ७ दिवसांत झालेल्या हव्यात. दोघांनाही तीनपैकी एक गोष्ट आढळली पाहिजे : अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्याशी हिंसक किंवा भीती वाटेल असं वागणं, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटणं की इजा होण्याचा धोका आहे. त्याशिवाय, दाखल करण्यापेक्षा कमी बंधनाचा उपाय उरलेला नाही आणि मोठ्या आधाराशिवाय तो स्वतःचा निर्णय घेऊ शकत नाही, हेही नोंदवावं लागतं. 'औषध घेत नाही' किंवा 'घरात कोणाचं ऐकत नाही' हे कारण पुरत नाही.

इथेच बहुतेक कुटुंबांची गाडी अडते. डॉक्टर विचारतात, 'काय होतंय?' आणि घरचे सांगतात, 'फार त्रास देतो.' यातून कोणालाच काही लिहिता येत नाही. एका वहीत तारखेनिशी लिहा : '१२ तारीख, रात्री ११. ताट भिरकावलं, म्हणाला यात विष आहे. त्यानंतर तीन दिवस फक्त पुड्यातली बिस्किटं. पाहिलं : आई आणि मी.' अशा पाच-सहा नोंदी, जुनी औषधांची चिठ्ठी असेल तर ती, आणि त्याचं ओळखपत्र सोबत न्या.

या कलमाखाली जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. रुग्ण पुरुष असेल तर दाखल केल्यापासून ७ दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं असतं. मंडळ म्हणजे बोलीतला 'रिव्ह्यू बोर्ड'. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचा. भावाने किंवा तुम्ही तिथे तक्रार केली तर ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तीस दिवस संपताना डिस्चार्ज दाखवून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कलमाखाली दाखल करायचं, ही युक्ती काही ठिकाणी सुचवली जाते. कायद्याने ती बंद केली आहे : ७ दिवसांच्या आत पुन्हा दाखल करायची वेळ आली तर कलम ९० लागतं. तिथे दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि मंडळाची परवानगी हवी.

आता त्या गाडीबद्दल. केंद्राला आधी नोंदणी क्रमांक विचारा. 'व्यसनमुक्ती केंद्र' असा फलक लावून मानसिक आजाराचे रुग्ण ठेवले जात असतील तर तेही 'मानसिक आरोग्य आस्थापना', म्हणजे कायद्याच्या भाषेत मानसिक रुग्णांची संस्थाच, आणि नोंदणीविना ते चालवणं दंडाला पात्र आहे. साखळीने बांधणं तर कोणत्याही कारणाने चालत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळीने बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले, हे हा नियम वाचताना लक्षात असावं.

भाऊ घरातून हलतच नसेल आणि तातडीचा धोका असेल, तर कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला आणीबाणीचे उपचार करता येतात, घरीसुद्धा. प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, आणि ७२ तासांपर्यंतच. त्यात जवळच्या आस्थापनेत तपासणीसाठी नेणंही येतं. गाडीतल्या चार दांडग्या माणसांपेक्षा हा रस्ता बरा. बरा झाल्यावर भावाला आपण कसे नेले गेलो ते आठवतं, आणि औषध पुढे चालू राहणार की नाही ते बरंचसं त्या आठवणीवर ठरतं.

प्रश्न : मला बायपोलर आजार आहे. लिथियमवर दोन वर्षं चांगली आहे. पुन्हा झटका आला तर निर्णय नवऱ्याने नाही, माझ्या मोठ्या बहिणीने घ्यावा असं वाटतं. गेल्या वेळच्या एका औषधाने मान आणि जबडा आखडला होता. ते पुन्हा नको आहे. हे आत्ताच लिहून ठेवता येतं का?

येतं, आणि बरी असतानाच लिहून ठेवायचं असतं. याला 'आगाऊ निर्देश' म्हणतात. त्यासाठी नमुना सीआर-ए आहे. त्यात तीन मुख्य रकाने : कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि प्रतिनिधी कोण, तेही क्रमाने. बहिणीचं नाव पहिलं टाका, दुसरं एक राखीव ठेवा. ऐन वेळी फोन लागत नाही असं होतंच. प्रतिनिधी सज्ञान असावा आणि त्याची लेखी संमती असावी. तुमची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि मग मंडळाकडे नोंदणी. नोंदणीला पैसे पडत नाहीत.

'चांगली वागणूक मिळावी' असं लिहून उपयोग नाही. औषधाचं नाव, मात्रा आठवत असेल तर तीही, काय झालं, किती वेळात झालं, कशाने उतरलं हे लिहा. विजेचे उपचार (बोलीत 'शॉक') हवेत की नकोत हे स्पष्ट लिहा; डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यात त्यावरूनच सर्वात जास्त वाद होतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ते करायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा ती अट वेगळी घालायला नको. मुलांना शाळेतून कोण आणणार, कार्यालयाला काय सांगायचं, हे वेगळ्या कागदावर लिहून बहिणीकडे ठेवा. नमुन्यात कोंबू नका.

हा निर्देश तुमची निर्णयक्षमता जाईल तेव्हाच लागू होतो. क्षमता म्हणजे तीन गोष्टी : दिलेली माहिती समजणं, निर्णयाचे परिणाम उमगणं, आणि निर्णय बोलून, खुणेने किंवा कसाही सांगता येणं. नवऱ्याला तुमचा निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्याने क्षमता गेली असं होत नाही. आणीबाणीच्या उपचारांना मात्र निर्देश लागू नाही. तो पाळायचा नसेल तर डॉक्टर किंवा नातेवाईक यांनी मंडळाकडे अर्ज करायचा असतो; परस्पर बाजूला ठेवता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो साध्या गोष्टीत. निर्देश कपाटात, बाई रुग्णालयात. प्रत डॉक्टरांच्या हाती पोहोचली नाही तर तो न पाळल्याची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. एक प्रत बहिणीकडे, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलला, आणि एक फोटो फोनमध्ये ठेवा. मन बदललं तर कितीही वेळा बदला. त्याच पद्धतीने नवा करायचा आणि जुन्या प्रती परत घ्यायच्या.

प्रश्न : पत्नी नैराश्यासाठी ९ दिवस रुग्णालयात होती. विमा कंपनीने 'मानसिक आजार वगळलेला' म्हणून दावा नाकारला.

कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा लागतो. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. तेव्हा हे कारण टिकू नये. पण 'बरोबरीने' याचा अर्थ 'सगळं' असा नाही. ताप-खोकल्यासाठी दवाखान्यात जाऊन घेतलेले उपचार तुमच्या पॉलिसीत नसतील तर समुपदेशनाचा खर्चही मिळणार नाही. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ इथेही लागतो. दारू-अमली पदार्थांचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, जरी मानसिक आजाराच्या व्याख्येत व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्था असल्या तरी. ही विसंगती आम्हाला पटत नाही, पण आज आहे ती अशी.

आधी डिस्चार्ज कार्ड काढून पाहा. त्यावर 'विश्रांती व निरीक्षणासाठी' असं लिहिलं असेल तर कंपनीला दुसरं कारण आयतं मिळतं. दाखल करण्याची गरज का पडली, जेवण किती दिवस बंद होतं, जिवाला धोका होता का, कोणते उपचार घरी शक्य नव्हते, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. जे खरं घडलं तेवढंच. मग नकाराचं पत्र पॉलिसीतल्या कलमासह मागा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही.

प्रश्न : मुलीने विषारी औषध घेतलं, वाचली. रुग्णालयाने पोलिसांना कळवलं. तिच्यावर गुन्हा होईल?

नाही. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं असतं, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ नाही. पोलिस येतात, जबाब घेतात; ती वैद्यकीय-कायदेशीर नोंद आहे, आरोप नव्हे. या भीतीपोटी मोठं रुग्णालय टाळणं जिवावर बेतू शकतं.

शरीर सावरलं की घरी सोडतात आणि मनाची तपासणी राहून जाते, तिकडे लक्ष द्या. डिस्चार्जच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचा आग्रह धरा आणि पुढची तारीख कागदावर घ्या. घरातली फवारणीची औषधं आणि साठवलेल्या गोळ्या घराबाहेर हलवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तिला आणि तुम्हालाही.

प्रश्न : मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, १२ वर्षं झाली. दिव्यांग प्रमाणपत्राला गेलो तर ४० टक्क्यांपेक्षा कमी दिलं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, पण बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. मोजमाप 'आयडीयाज' नावाच्या पट्टीने होतं. स्वतःची काळजी, माणसांतलं वागणं, संवाद व समज, आणि काम : प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि आजार किती वर्षांचा त्याचे वेगळे.

गुण कमी पडतात ते उत्तरांमुळे. 'अंघोळ करतो का?' 'हो, करतो.' आईला चार वेळा सांगावं लागतं, पाणी काढून द्यावं लागतं, तरी आठवड्यातून दोनदाच होते, हे कोणी बोलत नाही. मुलासमोर त्याची उणीदुणी काढायची लाज वाटते. मग लिहून न्या आणि त्याला बाहेर बसवून द्या. १२ वर्षं दाखवायची तर १२ वर्षांपूर्वीचा कागदही लागतो. पहिला केसपेपर शोधा, नसेल तर त्या रुग्णालयातून नोंदीची प्रत मागा. आपल्या वैद्यकीय नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, २०१७च्या कायद्याचं कलम २५. टक्केवारी मान्य नसेल तर अपील करता येतं.

मुलगा सरकारी नोकरीत असताना आजारी पडला असेल तर त्याला राजीनामा देऊ देऊ नका. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता किंवा पदावनत करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यावं लागतं. 'आजारपणामुळे स्वेच्छेने' असा कागद एकदा त्याच्या सहीने गेला की तो उलटवणं फार अवघड.

प्रश्न : सरकारी रुग्णालयात औषध 'संपलंय, बाहेरून घ्या' सांगतात.

अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळणं हा कलम १८ मधला हक्क आहे. तोंडी भांडू नका. केसपेपरवर 'उपलब्ध नाही' असं लिहून शिक्का मागा, दुकानाचं बिल ठेवा, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज करून पोच घ्या. पुढे जावं लागलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देतं. या कायद्याखालच्या हक्कांसाठी ती मदत कलम २७ मध्येच आहे. तोवर औषध मात्र बाहेरून घेऊन चालू ठेवा. लिथियम किंवा रिस्पेरिडोन चार दिवस तुटलं तर अर्जाच्या उत्तरापेक्षा आजार आधी परत येऊ शकतो.

प्रश्न : बसस्थानकाजवळ एक बाई महिनाभर फिरते आहे, स्वतःशी बोलते, पायाला जखम आहे. कोणाला सांगायचं?

त्या हद्दीच्या पोलिस ठाण्याला. अशा व्यक्तीला संरक्षणात घेणं हे ठाणे अंमलदारांचं कलम १०० खालचं कर्तव्य आहे, उपकार नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. अर्ज दोन प्रतींत लिहा : जागा, वेळ, कपडे, जखम, बोलते ती भाषा. भाषेवरून गाव सापडायला मदत होते. तुमच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच निघा.